बधिर हनुवटी

आई तंबाखू खात नव्हती. ती मशेरी लावायची, आणि तिच्या लेखी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. जयपूरला तिच्या मनासारखी मशेरी मिळेना, म्हणून बनी पार्कातल्या भाड्याच्या घरी ती मागच्या अंगणात स्वतः तंबाखू भाजायची आणि घरमालकीणबाई खोकत खोकत खिडक्या लावून घ्यायच्या. डॉक्टरांनी "तंबाकू खाती हैं?" असं विचारल्यावर तिनं ठणकावून "नहीं" सांगितलं. मी मशेरीचं बोलले, तर घरी येईपर्यंत तिनं माझ्याशी अबोला धरला.

डाव्या बाजूला, खालच्या हिरडीवर जखम होती, ती भरत नव्हती. मध्ये ठणका थांबला, ओठाची ती बाजू आणि हनुवटी बधिर झाली, तर बाईसाहेब खूश. "बघ, राहिलं की नाही आपोआप?"

शेवटी ती जखम कॅन्सरची गाठ ठरली आणि ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली म्हणून वडिलांनी ऑफिसात पेढे वाटले. मग काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी वडिलांना आणि मला आत बोलावलं. "गाँठ तो निकल गई, पर बीमारी नस में घुस चुकी थी." अशी बीमारी नसेच्या वाटेनं पुढे सरकते, पुन्हा उलटण्याची भीती जास्त, म्हणून किरणांचे शेक घ्यावे लागतील, असं ते म्हणाले. त्यानंतरही बधिरपणा वर गालाकडे चढतोय का, यावर नजर ठेवा. घरी आल्यावर उरलेल्या पेढ्यांचा मला इतका संताप आला की डबा उचलून मी शेजारी देऊन टाकला.

शेक संपले. दर तपासणीला डॉक्टर आईला डोळे मिटायला सांगायचे आणि चेहऱ्यावर ठिकठिकाणी कापूस टेकवून विचारायचे, कळतंय का. हनुवटी गेलेलीच होती. गाल शाबूत होता, आणि त्या एका गालाच्या जिवावर आम्ही हसतखेळत जेवत होतो.

आईला मात्र कुठेही नापास होणं मंजूर नव्हतं. एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी वाती वळताना म्हणाली, "घे गं माझी परीक्षा. उद्या त्या डॉक्टरला एक शब्द बोलायला जागा ठेवायची नाही."

ती मांडी घालून, डोळे घट्ट मिटून बसली. वडिलांनी पेपर बाजूला ठेवला. मी कापसाचा पुंजका तिच्या कपाळाला लावला.

"कळलं."

उजवा गाल.

"कळलं. पुढे?"

मग डावा गाल, डोळ्याच्या जरा खाली. ती गप्प. मी कापूस थोडा दाबला. वडील खुर्चीतून अर्धवट उठले. मला हात मागे घेववेना.

"लाव की गं," आई डोळे न उघडता म्हणाली. "किती वेळ वाट बघू?"