नेपाळच्या ट्रकमधला ठेचा

सुनेनं आज तव्यावर हिरव्या मिरच्या परतल्या आणि खोकता खोकता मी नेपाळच्या घाटात पोहोचलो.

तरुणपणी मी आणि खानदेशातल्या भडगावचा मित्र आबा ट्रकना हात दाखवत तिथं हिंडलो. एका ड्रायव्हरनं प्रेमानं शेजारी बसवलं. मी घरच्यासारखा आग्रह करून दशमीवर ठेच्याचा गोळा वाढला. एका घासात त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि डोळे पुसत आम्हाला थंडीत उतरवलं.

गावी मात्र मी सांगितलं, "आबानं खाऊ घातला." लोक त्याला अजून हसतात.

आज फोन करून म्हणालो, "आबा, सगळ्यांना खरं सांगतो."

"चूप बस भाऊ! प्रत्येक लग्नात लोक मला तेच सांगायला लावतात. ती गोष्ट आता माझी शे!"