अकरा मिलिमीटर

बारामतीजवळच्या कन्हेरीच्या बीजगुणन केंद्रावर नकोशी तेरा वर्षं पाऊस मोजत होती. नवरा तिथं शिपाई होता. तो गेल्यावर तिला कामावर घेतलं. रोज सकाळी साडेआठला तारेच्या कुंपणातलं पर्जन्यमापक उघडायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, आकडा वाचून वहीत लिहायचा. आकडे आणि अक्षरं ती तिथंच शिकली, चाळिशी उलटल्यावर. कोरड्या दिवशीही शून्य लिहावं लागायचं, आणि त्या भागात शून्यच जास्त. पन्नाशी पार झाली तसे तिचे गुडघे धरायला लागले. शून्य लिहायला एवढं चालत यायचं, त्याचाच तिला शीण यायचा.

ब्याण्णव साली जुलै तसाच गेला, ऑगस्टही गेला. पश्चिमेकडून ढग यायचे आणि डोक्यावरून इंदापूरकडं निघून जायचे. तेव्हा पुण्याच्या एका खाजगी मंडळानं केंद्रामागच्या टेकडीवर लोखंडी भट्टी बसवली. भट्टीत रसायन जाळायचं, धूर ढगात गेला की पाऊस पडेल, असं सांगितलं. मंडळाचा इंजिनियर रविराज सव्वीस वर्षांचा, बोलायला मऊ पोरगा. तो रोज नकोशीचा आकडा उतरवून घ्यायचा.

"मावशी, ढगात पाणी असतं, पण ते थेंब धरत नाही. आपण धुरानं त्याला नुसती मदत करतो."

"आन् न्हाय केली, तर त्यो ढग कुठं जातो?"

"पुढं."

"पुढं माझा भाऊ मेंढरं चारतो, साहेब. इंदापूरच्या माळावर."

"आपण त्यांचा पाऊस घेतो, असं काही सिद्ध झालेलं नाही."

"घेत न्हाय, असंबी झालं न्हाय नव्हं?"

"इथली बाजरी करपून चाललीय, मावशी. मग आपण काहीच करायचं नाही का?"

करपणाऱ्या बाजरीत नकोशीचीही बाजरी होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी ढग दाटले आणि भट्टी पेटली. तासाभरात सर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत अकरा मिलिमीटर पाणी भरलं. केंद्रावरचे लोक नाचले, रविराजनं पेढे वाटले. नकोशीनं पेढा पदरात बांधला. तो खायच्या आतच निरोप आला, की आदल्या संध्याकाळी इंदापूरच्या माळावर गारांसकट पाऊस कोसळला आणि ओढा काठावर चढला. ओढ्यालगतच झुंबरचा, तिच्या भावाचा, तळ होता.

ती एसटीनं गेली, पुढं चिखलातून चालत गेली. साठ मेंढरं वाहून गेली होती. काही बाभळींच्या मुळांत अडकली होती. झुंबर आणि त्याची बायको भामाबाई ती ओढून काढत होते. वाचलेल्या मेंढ्या कोकरं हुंगत फिरत होत्या. झुंबर बहिणीला बघून तसाच चिखलात बसला.

"आक्का, तुमच्याकडं धूर केला व्हता म्हणं."

"व्हय."

"त्यानं झालं का गं ह्ये?"

"मला न्हाय ठावं."

"तू तर तितंच असतीस."

"असती. पर ठावं न्हाय, झुंबर."

हो म्हटलं असतं तर त्याला रागवायला कुणीतरी मिळालं असतं. नाही म्हटलं असतं तर तिला त्याच्याकडं भाकरी खाता आली असती. ती न जेवताच परतली.

चार दिवसांनी रविराज टाईप केलेला कागद घेऊन आला. धुरामुळं केंद्रावर अकरा मिलिमीटर पाऊस झाला, इंदापूरची अतिवृष्टी मात्र नैसर्गिक होती, असा मजकूर. खाली पाऊस मोजणाऱ्याची सही हवी होती. नकोशीनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"अकरा खरं हाय. माझ्या वहीत त्याच्यापुढं सही हायेच. पर धुरामुळं, ह्ये कुणी मोजलं?"

"वरून तसं लिहून आलंय, मावशी."

"हितला पाऊस तुमचा आन् तितला देवाचा, असं कसं व्हईल, साहेब? घ्यायचा तर दोन्ही घ्या. न्हायतर दोन्ही सोडा."

रविराज कागदाची घडी करून निघून गेला. कागद पुढं दुसऱ्याच कुणाच्या सहीनं रवाना झाला. बारामतीत मंडळाचा सत्कार झाला. नकोशीला कुणी बोलावलं नाही. तिच्यात जाण्याएवढं त्राणही नव्हतं. केंद्राचे साहेब तेव्हापासून तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. इंदापूरकडं पंचनामा झाला. त्यात मेंढरांची संख्या होती, पाऊस कशानं आला हे लिहायला रकानाच नव्हता.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि भट्टी टेकडीवरून गेली. झुंबरनं उरलेली मेंढरं विकली. भामाबाई आणि तो कन्हेरीला, नकोशीच्या घरी राहायला आले. एमआयडीसीतल्या दूध कारखान्यात त्याला कॅन धुवायचं काम लागलं. माळावर वाढलेला माणूस दिवसभर ओल्या फरशीवर उभा राहायचा, पाय सुजायचे. बहीणभाऊ एका चुलीवर जेवायचे, पण त्या पावसाचं नाव दोघांनी काढलं नाही.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात रविराज अचानक दारात आला. मंडळ सोडलं, म्हणाला.

"मावशी, तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं."

"आन् आता?"

"आताही नाही."

"बसा. च्या घ्या."

तेवढ्यात झुंबर कामावरून आला. "ह्ये भट्टीचं साहेब," नकोशी म्हणाली. झुंबर भिंतीला टेकून बसला. चहा संपल्यावर त्यानं विचारलं,

"परत करनार का तसलं? दुसरीकडं?"

"करतील कुणीतरी. दुष्काळ पडला की लोकच मागतात."

"मागू द्या. मला काय धूर कळत न्हाय," झुंबर म्हणाला. "पर जिकडं ढग जातो, तिकडच्यास्नी आदी सांगत जावा. मी मेंढरं वर टेकाडावर न्हेली असती."

रविराजनं मान हलवली. तसं सांगायला लावणं त्याच्या हातात तेव्हाही नव्हतं आणि आता तर तो त्या कामातही नव्हता. पण हे तो त्यांना बोलला नाही. कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि बारामतीची एसटी धरायला निघाला.