इकडची कॉफी, तिकडची बीअर आणि माझा चहा

माझी मुलगी जर्मनीत नर्स आहे. तिचं गाव तिथल्या हद्दीवर आहे. थोडं पुढे गेलं की चेक लोकांचा देश लागतो. मधे ना फाटक ना पोलीस, नुसती एक पाटी आहे म्हणते. दर रविवारी ती फोनवर दिसते. मला बोलायला सुचत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून तीच तिथल्या खाण्यापिण्याचं सांगत बसते.

जर्मन लोक कॉफी कागदातून गाळतात. मशीन थेंब थेंब पाडत असते. रविवारी दुपारी कॉफीसोबत केक हवाच. पलीकडच्या म्हाताऱ्या माणसांची कॉफी वेगळी. पेल्यात पूड टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि थांबायचं.

"गाळत नाईत?" मी विचारलं.

"नाई. गाळ खाली बसू द्यायचा, शेवटचा घोट सोडून द्यायचा."

"मंग वाया गेला ना तो."

"तू चहापत्ती दोनदा उकळतेस आई, तुले तसंच वाटन."

बीअरचं ती आधी आडून आडून सांगायची, मग सरळ सांगू लागली. जर्मनीत तिच्या ओळखीचे लोक काम संपल्यावर संध्याकाळी घेतात. पलीकडे दुपारच्या जेवणासोबतच घेतात, आपण ताक घेतो तशी. पलीकडे वर जाड फेस लागतो. फेस बसला की चव गेली म्हणतात. सुटीच्या दिवशी इकडची माणसं गाड्या काढून तिकडे जातात, कारण तिकडे स्वस्त मिळते.

"आपल्यासारखंच हाय वं," मी बोलून गेले. तिने लगेच केकचं बोलणं काढलं.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. चोरून मिळते, पण उघड प्यायची तर नदी ओलांडावी लागते. पूल संपला की जिल्हा बदलतो आणि दुकानं सुरू होतात. आमचे हे दर बाजाराच्या दिवशी आमच्या आंजी गावाहून मोटरसायकलने निघायचे, "पलीकडून येतो" म्हणायचे. मुलगी तेव्हा लहान होती. गाडीचा आवाज आला की वही-पुस्तक उचलून माझ्या जाऊबाईंच्या घरी पळायची. मी पळत नव्हते. आता यांचं शरीर थकलं, म्हणून दारू सुटली. गावातल्या बायांच्या दारूबंदी मंडळात मी अजूनही जाते. मोहाच्या दारूच्या कॅना सापडल्या की बाकीच्या बाया भांडतात. मी कॅना उपड्या करते. तेवढं मला जमतं.

या हिवाळ्यात मुलीने सांगितलं की तिला एका मुलाशी लग्न करायचं आहे. तो पलीकडचा, चेक. तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो, रोज हद्द ओलांडून येतो-जातो. मी पहिलं विचारलं ते जातीचं नाही, धर्माचंही नाही.

"घेते का तो?"

"आई, तिथं सगळेच घेतात. त्याची मायही घेते जेवताना."

मी पदराने फोनची काच पुसू लागले. तिने ओळखलं.

"हे पाह्य, पुढच्या रविवारी त्याची माय फोनवर येणार हाय. तुले बोलाले लावत नाई मी. तुले पटलं तर चहा घेजो. नाई पटलं तर कप तसाच ठेवजो. मी थांबीन. खरंच थांबीन."

आमच्याकडे स्थळ पाहायला गेलं की तसंच असतं. आधी पाणी, मग बोलणं, आणि पटलं तरच चहा. पटलं नाही तर पाहुणे "आत्ताच घेऊन निघालो" म्हणून कप सरकवतात. तोंडाने नाही कोणी म्हणत नाही. मुलीचं ते ऐकून मला हलकं वाटलं. नाही म्हणायचा तेवढा एकच मार्ग मला येत होता. आठवडाभर तूर वाळवताना, भाकरी थापताना मी मनाशी घोकत होते, कपाला हात लावायचा नाही.

रविवारी आमचे साडेचार वाजले होते, त्यांचे बारा. यांनी नवा सदरा घातला होता. जाऊबाई चहा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. फोन डब्याला टेकवून ठेवला. समोर मुलगी, तिच्या बाजूला तो मुलगा, आणि मधे त्याची आई. पांढरे केस, फुलांचं एप्रन, तोंड माझ्यासारखंच लाजरं. तिने काहीतरी म्हटलं आणि मुलीने सांगितलं, "त्या म्हणतात, तुमची मुलगी लय कमी जेवते."

जाऊबाई हसल्या. "सांग त्याईले, इथं तं दोन भाकरी खात होती."

मग त्या बाईने बीअरचा पेला उचलला. मुलगा आणि मुलगी यांनीही उचलले. मुलीच्या पेल्यात काय होतं ते मला दिसलं नाही. यांनी बशीत चहा ओतून मोठा भुरका मारला. मी हात मांडीवर ठेवले.

ती बाई पेला उचलून तशीच थांबली. माझ्याकडे पाहत राहिली.

मुलगी हळूच म्हणाली, "इथं सगळ्याईनं उचलल्याशिवाय कोणी पेत नाई."

मी पाहत होते. त्या बाईच्या पेल्यातला फेस खाली खाली चालला होता. तरी ती पेला खाली ठेवेना.

"अवं घे ना," हे म्हणाले. "बाई ताटकळून राह्यली."

"थंडा होते वो," जाऊबाईंनी कोपराने ढोसलं.

म्हातारं माणूस हातात पेला धरून माझ्यासाठी खोळंबलं आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी कप उचलला आणि ओठाला लावला. एक घोट पोटात गेला तेव्हा कळलं.

मुलगी रडायलाच लागली. "आईनं घेतला! आई, तू घेतला!" ती बाई उठून मुलीच्या गळ्यात पडली. हे टाळ्या वाजवायला लागले. मी कप खाली ठेवला, पण ते कोणी पाहिलं नाही.

दोन दिवसांनी मी स्वतःहून फोन लावला. असं मी कधी करत नाही. ती ड्युटीवर निघाली होती, धापा टाकत होती.

"बोल आई, काऊन फोन केला?"

मला सांगायचं होतं की तो घोट चुकून गेला. त्याऐवजी मी विचारलं, "घेतल्यावर कसा होते तो?"

"कसा म्हंजे? चूप होते. झोपून जाते."

आमचे हेसुद्धा लग्नानंतर पहिली दोन वर्षं झोपूनच जायचे. पण ते तिच्या जन्माआधीचं आहे, तिला माहीत नाही. ती एवढी खुशीत चालत होती की मी "बरं" म्हटलं.

मंडळातल्या बाया आता मला बीअरवाल्याची सासू म्हणतात. मी हसते. काल मुलीने लग्नाच्या नोंदणीसाठी जन्माचा दाखला मागितला. पेटीत तो कुठे आहे हे मलाच माहीत होतं. मी काढून दिला. फोटो नीट यावा म्हणून दारातल्या उन्हात दोन्ही हातांनी ताणून धरला.

"हात हालवू नको," हे फोन रोखून म्हणाले.