अठ्ठ्याहत्तर पत्ते आणि वैशूची सही

भूतबित, करणी, मूठ यातलं मी काहीच मानत नाही. आजही नाही. म्हणून हे इथं लिहिताना लाज वाटते, आणि लाजेपेक्षा जास्त राग येतो. "शाई उडाली असेल भाऊ" अशी कमेंट टाकणाऱ्यांनी कृपा करून आधी शेवटपर्यंत वाचावं.

मी ब्रह्मपुरीत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. आम्ही ढीवर. बाबा गावच्या तलावात जाळं टाकतात. धाकटी बहीण वैशाली चित्रकलेचा डिप्लोमा करून घरी बसलेली... बसलेली कसली, दिवसभर चित्रं काढत असते.

तिची चित्रं मोबाईलवर बघून पुण्याच्या एका टॅरोवाल्या मॅडमचा फोन आला. आपल्या झाडीपट्टीच्या रूपातले सगळे अठ्ठ्याहत्तर पत्ते काढून हवे होते. मला टॅरो म्हणजे बाजारातल्या पोपटवाल्याच्या चिठ्ठ्या, एवढंच ठाऊक. वैशू मात्र अभ्यासाला लागली. जेवताना सांगायची, इटलीच्या सरदारांचे जुने पत्ते सोन्याच्या वर्खाचे होते, मग लाकडी ठशाचे आले, जाड रेघ आणि मोजके रंग. आणि आज सगळं जग ज्याची नक्कल करतं तो शंभर वर्षांपूर्वीचा संच एका बाईनं काढलाय, पण डब्यावर तिचं नाव नव्हतं.

"मंग तिनं काय केलं मायीत आहे का भाऊ? हरेक पत्त्याच्या कोपऱ्यात आपली बारकी सही टाकली. डब्यावर नाई तं नाई."

वैशूनंही तेच केलं. तिच्या राजाचं सिंहासन आलापल्लीच्या सागाचं. चंद्राच्या पत्त्यात आमचाच तलाव, काठावर एक कुत्रा, एक कोल्हा, आणि पाण्यातून वर येणारा झिंगा. प्रत्येक पत्त्याच्या उजव्या कोपऱ्यात टाकानं, पक्क्या काळ्या शाईत, नखाएवढी सही. वर्ष गेलं त्यात.

सगळी चित्रं मीच दुकानात स्कॅन करून मॅडमना पाठवली. मूळ चित्रं वैशूनं लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, घरात सगळ्यांना माहीत.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन मला आला. "कोपऱ्यात काहीतरी डाग दिसतायत, जरा क्लीन करून पाठवाल का?"

आता माझ्या धंद्याची घाण सवय सांगतो. वाढदिवसाचा बॅनर असो की श्रद्धांजलीचा, गिऱ्हाईक कुठून तरी फोटो उचलून आणतं, आणि आम्ही सगळ्यात आधी त्याच्यावरचं दुसऱ्याचं नाव उडवतो. विचारत नाही, विचार करत नाही. हात आपोआप जातो. मला कळत होतं की ते डाग नाहीत. तरी काम अडेल, मॅडम बिथरतील म्हणून चहा पिता पिता एका दुपारी मी सख्ख्या बहिणीची सही स्क्रीनवरून पुसून टाकली, जुन्या फायलींवरच सेव्ह केलं आणि पाठवून दिलं. तिला बोललो नाही. गाढवपणा म्हणा, हरामखोरी म्हणा, मी दोन्ही म्हणून झालंय.

पत्त्यांचा डेक छापून आला. डब्यावर मोठ्या अक्षरात "संकल्पना व चित्रे", आणि खाली मॅडमचं नाव. वैशूचं कुठंच नाही. ती एकेक पत्ता उजेडात धरून कोपरा बघत होती. मी फोन लावला तर मॅडम म्हणाल्या, "अहो, व्हिजन माझं होतं ना, त्यांनी फक्त ड्रॉ केलं." फक्त ड्रॉ केलं! माझ्या अंगाची आग झाली. वैशूला म्हटलं, "घाबरू नको, ओरिजनल आपल्यापाशी आहेत. त्याच्यावर सह्या आहेत. फोटो काढून टाकू, सारं जग पाहीन."

तिनं पेटी उघडली. मी बाजूलाच उभा होतो.

एकाही चित्रावर सही नव्हती.

पुसलेली नव्हती, खरवडलेलीही नव्हती. मुळात नव्हतीच. टाकानं कागदावर बारीक चरा पडतो, तो चरासुद्धा नाही. कॉलेजच्या चित्रकलेच्या सरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "इथी कधी काई लिहिलंच नाई." बाकीच्या रेघा त्याच शाईच्या, त्या जशाच्या तशा. मग सांगा शाई कशी उडाली?

पण सगळ्यात शेवटी एकच चित्र वेगळं निघालं... चंद्राचं. त्याच्यावर सही आहे. पाण्याच्या रेघांत इतकी मिसळलेली की स्क्रीनवर मला दिसलीच नव्हती. छापील पत्त्यातही ती तेवढी एकच राहिली आहे. मॅडमना दाखवली तर म्हणाल्या, ते पाण्याचं डिझाइन आहे.

तेव्हा मी वैशूला सगळं कबूल केलं. तिनं सत्याहत्तर कोरे कोपरे एकीकडे ठेवले, चंद्र एकीकडे.

"म्हंजे जे तुले दिसले नाई, तेवढंच वाचलं."

"मी कंप्युटरवरच पुसलं वैशू. पेटीले हात लावला असन तं बाबाची शपथ."

"किल्ली तुले मायीत होती. सफाईनं नाव काढाचा धंदा तुयाच आहे. मंग हे काऊन दुसऱ्यानं केलं म्हनू मी?"

मॅडमवरचा राग आहेच, पण त्या दिवसापासून त्यातला मोठा वाटा माझ्याकडे वळलाय. पेटीला मी हात लावलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

वैशू पुन्हा चित्रं काढते. माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, चित्र दाखवतेसुद्धा. फक्त सही करायची वेळ आली की म्हणते, "भाऊ, तू जरा बाहेर जाय." मी जातो.