मरियमनं बोट दाखवलं

सिस्टरनं नाताळच्या नाटकात मले मरियम केलं, अन् मी चपला हातात घेऊन घरापर्यंत पळत आली! चंद्रपुरातल्या मिशनच्या शाळेत मी आठवीत होती. मरियम म्हणजे कोण? कुराणात तिच्या नावाची अख्खी सूरा, म्हणजे अध्याय, हाये, दुसऱ्या कोण्याच बाईच्या नावाची नाई! गल्लीतल्या एकुलत्या टीव्हीवर दिसणारी हिरोईनबी त्या दिवशी माह्यापुढं काई नव्हती.

अब्बा टेलर. मशीनवरून मान वर न करता त्यायनं विचारलं, "ईसा अलैहिस्सलाम कोण बनून राह्यलं?"

"कोणी नाई अब्बा, बाळ येशूच्या जागी बाहुली हाये."

"मंग ठीक. पैगंबराचं सोंग माणसानं घ्याचं नाई. पण मी पाहाले येईन. मरियम बीबीच्या तोंडून उलटसुलट निघालं, तर तिथूनच घरी नेईन."

अन् निळी ओढणी त्यायनंच शिवून देली, गोट लावून!

तालमीत समजलं, मले वाक्य एकच. मेंढपाळीण विचारते, "हे बाळ कोणाचं?" अन् मी म्हणाचं, "हा देवाचा पुत्र." झालं! आमच्यात ईसा लय मोठे पैगंबर. बिनबापाचे जन्मले, हेबी आम्ही मानतो. पण देवाले लेकरू नाई. हे वाक्य अब्बासमोर कसं म्हणू? अब्बा सोडा, माह्याच तोंडून निघेना. सिस्टरले सांगावं, तर मरियम दुसरीच कोणी बनंल!

माही मैत्रीण मरियमचा नवरा योसेफ होती, कापसाची दाढी लावून. तिचं घर बौद्ध, तिले सिस्टरची गोष्टबी नवी अन् आमचीबी. तिले मी आमची सांगितली. नाटकासारखा गोठा नाई, खजुराच्या झाडाखाली मरियम एकटीच. झाड हलवलं का पिकले खजूर खाली! लोकं 'हे बाळ कोणाचं' म्हणून जाब विचाराले आले, तर ती बोललीच नाई. त्या दिवशी तिचा चूप राह्याचा रोजा होता. तिनं नुसतं बाळाकडं बोट केलं, अन् पाळण्यातलं बाळच बोललं!

"काय बोललं वं?"

"मी अल्लाहचा बंदा, म्हणजे दास."

"अन् योसेफ कुठी होता?"

"आमच्या गोष्टीत योसेफ नाईच."

"अवं माय! मंग मी काऊन इतकी खाजरी दाढी लावून राह्यली?"

नाटकाच्या दिवशी अब्बा पयल्या रांगेत. मेंढपाळीण काठी आपटून म्हणे, "हे बाळ कोणाचं?" अब्बा खुर्चीत पुढं सरकले. अन् माहा हात आपोआप उठला, बोट सीधं बाहुलीकडं!

मेंढपाळीण गडबडली, "कोणाचं बाप्पा हे बाळ?" मी पुन्हा बोट केलं. पडद्यामागून सिस्टर, "बोल! अगं बोल!" आता मरियम बोलते का? रोजा हाये न तिचा!

तेवढ्यात माह्या मागून मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज, "मी देवाचा बंदा होय! सगळ्यायले सलाम!" योसेफ दाढीत तोंड खुपसून बोलून राह्यला होता!

हॉल फुटला हसून. मेंढपाळीण पोट धरून मेंढ्यायवर पडली. अब्बा उठले. मी ओढणी घट्ट धरली, आता नेतेत घरी! पण ते उभ्यानं टाळ्या वाजवून राह्यले होते!

पडदा पडल्यावर सिस्टर लालबुंद. "अहो, गोठ्यात बाळ बोलत नसतं!"

"आमच्यात बोलते, सिस्टर," अब्बा छाती फुगवून.

सिस्टरनं खुर्ची ओढली. "बसा. मला सगळं नीट सांगा." अब्बा खजुरापासून सुरू झाले, ती गोठ्यापासून, कोणी मागं हटेना! अन् मधातच अब्बायची नजर कापसाच्या दाढीवर गेली.

"हे भाऊ कोण?"

मी डोळे मिटले.

"मी शेजारी, काका!" मैत्रीण म्हणे. "बाळंतिणीले पाहाले आली!"