एकटीला ताडपत्री नाही

भूकंपानंतर चौथ्या दिवशी मला उमरगा तालुक्यातल्या एका गावी ताडपत्र्या वाटायला पाठवलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं होतं, म्हणून यादी माझ्याकडं आली.

गावात एकही भिंत उभी नव्हती. पाऊस थांबत नव्हता. चितांचा वास ओल्या कपड्यांत बसला होता. पारावर टेबल टाकून मी नावं लिहायला लागलो. ताडपत्र्या कमी होत्या. साहेबांनी बजावलं होतं, "कुटुंबाला एक. एकट्या माणसाला नाही, त्यानं नातेवाइकांत राहायचं."

चाळिशीची एक बाई पुढं आली.

"घरात माणसं किती?"

"सहा."

"कुठं आहेत?"

तिनं दगडांच्या ढिगाकडं हात केला.

"मी जित्या माणसांचं विचारतोय."

हे मीच बोललो.

"म्या एकलीच," ती म्हणाली. मी नियम सांगितला. ती हलेना, तेव्हा मागच्यांनी तिला बाजूला ढकललं. तिच्याच गावचे लोक होते ते.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी, अंगात मोठ्या बाईचं पोलकं, केस नीट विंचरलेले.

"आता आमी दोघी हाव, गुरुजी."

मला राग आला. काल एकटी आणि आज लेकुरवाळी? मी मुलीलाच विचारलं, "ही तुझी आई का गं?"

"न्हाय. माय तिकडं झोपलीय."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मागल्या गल्लीतली हाय ती. तिचं कुणी उरलं न्हाय. ह्याच बाईनं तुळईखालून काढली, तवापासून हीच खाऊ घालतीय."

एवढं ऐकल्यावर यादीत 'दोन' लिहिता आलं असतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खोटं बोलून ताडपत्री घेता? इथं सगळ्यांचीच माणसं गेलीत."

आवाज ऐकून साहेब आले. बेवारस मुलं आश्रमात पाठवायचा हुकूम होता. मुलीला जीपमध्ये बसवलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला. ती रडली नाही. पुडा फोडण्यातच गुंतली होती.

बाई माझ्याकडं वळली. "तिला अंधारात भ्या वाटतं. सांगा त्यास्नी."

"सांगतो," मी म्हणालो. तोवर जीप निघाली होती. मी पुढचं नाव पुकारलं.

आठवड्यानं नियम बदलला. एकट्यांनाही ताडपत्री द्यायचं ठरलं. तिची मी स्वतः नेऊन दिली. लिंबाच्या झाडाखाली ती दोन पोती पांघरून बसली होती. ताडपत्रीकडं तिनं बघितलंही नाही.

"पोरगी कुठं नेली?"

"चौकशी करतो."

मी केली नाही. आधी कामात राहून गेलं, मग विचारायची लाज वाटायला लागली.

दिवाळीनंतर ती पत्ता काढत एसटीनं माझ्या शाळेत आली. पत्र पाठवलंय, उत्तर यायचंय, असं मी सांगितलं. पत्र पाठवलंच नव्हतं. महिन्यानं पुन्हा आली. खिडकीतून ती दिसताच मी शिपायाला म्हणालो, "गुरुजी रजेवर आहेत म्हणून सांग."

शिपायानं सांगितलं. ती तरीही शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. दार लावून घेऊन मी आत चौथीचे पेपर तपासत होतो. शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ती उठली. त्यानंतर कधी आली नाही.