चांगुणाची मशेरी

आमची शेजारीण चांगुणा मिठागरात राबून म्हातारी झाली. मशेरीची डबी आणि मोबाईल, दोन्ही तिच्या कमरेच्या एकाच पिशवीत. एक दिवस मोबाईल चार्ज होईना. चार्जर बदलला, तरी नाय. ती रडायलाच लागली, कारण तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, जनूचा, आवाज त्यात होता.

मी तिला पेणला दुकानात नेलं. दुकानातल्या माहिराने मोबाईल बंद करून चार्जिंगच्या भोकात लाकडी काडी हळूच फिरवली. काळी भुकटी पडली.

"आजी, फोनलापण मशेरी लावता व्हय?"

मी हसले, चांगुणा नाय.

मोबाईल चार्ज होऊन सुरू झाला. तिने कानाला लावला. "जेवलीस काय गो?" जनू विचारत होता.

जनू जन्मभर सांगून थकला, पण हिने मशेरी सोडली नव्हती. परतताना पुलावरून तिने डबी खाडीत टाकली.